गोठ्यातलं इंजिन

भोरजवळच्या आमच्या घरी गोठ्यात एक इंजिन पडून आहे. म्हशी विकल्या त्याला बरीच वर्षं झाली. गव्हाणीत आता खताच्या रिकाम्या गोण्या असतात. पण कोपऱ्यात दोन ओंडक्यांवर ठेवलेलं ते इंजिन 1986पासून जागचं हललेलं नाही. चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, 2,199 सीसीचं. नाव हरिकेन. ते जिच्यातून काढलं ती 1968 सालची जीप अंगणात उभी आहे आणि तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे.

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं, की हे उलटं करायचं. गोठ्यातलं इंजिन बाहेर काढायचं, नीट करून पुन्हा जीपमध्ये बसवायचं आणि गाडी 'ओरिजिनल' करायची. त्याला कारणही होतं. जुलै 2021मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. मोठी अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

आमची जीप वयानं पास होत होती, इंजिनानं नापास.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओरिजिनल म्हणजे कधीची?"

मला तो टोमणा वाटला. पण उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळलं, की प्रश्न खरा आहे.

एकोणपन्नास दिवसांची गाडी

जीपची गोष्ट 1940च्या उन्हाळ्यात सुरू होते. युरोपात जर्मन फौजा सुसाट निघाल्या होत्या आणि अमेरिकी सैन्याला घोडे आणि साइडकारच्या मोटारसायकली यांच्या जागी एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. जुलैमध्ये 135 कंपन्यांना विचारणा गेली. अट होती, 49 दिवसांत पहिली गाडी तयार करून द्यायची. बहुतेकांनी हात वर केले. पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीनं मात्र होकार दिला. कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरनं काही दिवसांत आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940ला गाडी सैन्याच्या तळावर पोचली.

इतक्या कमी दिवसांत सगळं नवं बनवणं शक्यच नव्हतं. मग बाजारात जे मिळतं ते घेऊन जुळवलं. अ‍ॅक्सल स्टुडबेकर कंपनीच्या मोटारीच्या अ‍ॅक्सलमध्ये फेरफार करून घेतले, इंजिन तिसऱ्याच कंपनीचं. म्हणजे जगातली पहिली जीप हीच मुळात इकडून-तिकडून जमवलेली गाडी होती.

पुढे सैन्यानं बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांना दाखवले. विलीजकडे जोरदार इंजिन होतं. त्यांच्या बार्नी रूस या इंजिनिअरनं एक जुनं इंजिन सुधारून 60 अश्वशक्तीपर्यंत नेलं होतं. फोर्डनं पुढची जाळी एकाच पत्र्यात दाबून काढायची स्वस्त युक्ती शोधली, ती विलीजनं उचलली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या, आणि त्याही अशा, की एकीचा भाग दुसरीला बसावा. फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उमटवायची. आज संग्राहक भिंग घेऊन हे 'एफ'वाले बोल्ट शोधतात, कारण सगळे 'एफ' जागेवर असलेली जीप दुर्मीळ. ती दुर्मीळ का, याचं उत्तर सोपं आहे. रणांगणावरच्या दुरुस्ती तळावर मेकॅनिकला गाडी चालू करून द्यायची असायची. हाताला विलीजचा भाग लागला तर विलीजचा, फोर्डचा लागला तर फोर्डचा.

आपल्या बाजूला ब्रह्मदेशात तर याहून मजेशीर प्रकार झाला. 1944मध्ये रेल्वेमार्ग ताब्यात आले, पण इंजिनं नव्हती. तेव्हा जीपची रबरी चाकं काढून रेल्वेसारखी कडा असलेली लोखंडी चाकं बसवली आणि जीपनं डबे ओढले.

डिस्पोजल आणि माझगाव

युद्ध संपलं आणि भारतात प्रश्न उभा राहिला, की अमेरिकी सैन्याचं हे सगळं सामान परत कोण नेणार? 1946मध्ये दोन्ही सरकारांत करार होऊन बरंचसं सामान इथेच राहिलं आणि विकलं गेलं. जुन्या माणसांच्या तोंडचा 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्याच काळातला. आबांच्या बोलण्यात तो कायम असायचा. तंबू डिस्पोजलचा, बूट डिस्पोजलचे आणि कुणाकडे असलीच तर जीपही डिस्पोजलची.

स्वतंत्र भारतात गाजलेलं पहिलं मोठं खरेदी प्रकरणही जीपचंच आणि तेही जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचं. 1948मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयानं वापरलेल्या जीप नीट करून पाठवण्याचं कंत्राट दिलं. तेव्हा व्ही. के. कृष्ण मेनन उच्चायुक्त होते. 155 गाड्या आल्या, त्या वापरण्याजोग्या नसल्याचं निघालं आणि संसदेत अनेक वर्षं वाद चालला. मला या प्रकरणातलं राजकारण बाजूला ठेवून एक गोष्ट लक्षात ठेवाविशी वाटते. जुनी गाडी 'नीट केली' असं म्हणणं आणि ती खरोखर नीट असणं यांत केवढं तरी अंतर असू शकतं. तिच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

दरम्यान मुंबईत दुसरंच काही सुरू झालं होतं. युद्धकाळात के. सी. महिंद्र वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पुरवठा मंडळाचं काम बघत होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. 1945मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. 1949मध्ये माझगावात, अमेरिकेहून सुट्या भागांत आलेली पहिली जीप जोडून उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत इथेच भाग बनायला लागले.

आमची गाडी त्याच वंशातली सीजे-3बी. तिचं कपाळ उंच आहे, त्यालाही कारण इंजिनच. विलीजच्या जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, डोक्यात आले. जोर वाढला, पण उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. 1953मध्ये कंपनीनं सरळ बॉनेटच उंच केलं. खुद्द कारखान्यानं केलेलं हे मॉडिफिकेशन. नव्या इंजिनासाठी बाकीची गाडी बदलायची ही रीत आमच्या गावच्या मिस्त्रींनी शोधलेली नव्हती.

चिंचेखालचं ऑपरेशन

आबांनी जीप 1979मध्ये एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. तोवर तिनं अकरा वर्षं साहेब लोक वाहिले होते. खेड्यात जीपचा प्रवास साधारण असाच व्हायचा. आधी सरकारी खातं किंवा साखर कारखाना, मग लिलाव, मग एखादा शेतकरी किंवा ठेकेदार आणि शेवटी दारासमोर विटांवर.

अडचण पेट्रोलची होती. 1973च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. आपल्याकडे पेट्रोल महागलं. डिझेल शेतीचं आणि एसटीचं इंधन, त्याचा दर सरकारनं त्या मानानं कमी ठेवला. कंपनीनंही हे ओळखलं आणि 1975च्या सुमारास जीप डिझेल इंजिनासह आणली. पण ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल जीप उभी होती त्यांनी काय करायचं? नवी घ्यायची ऐपत नाही, जुनी चालवणं परवडत नाही.

याचं उत्तर देशभर घराच्या अंगणात आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात निघालं. हरयाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत तर सैन्याच्या लिलावातल्या जीपमधून नव्या गाड्या उभ्या करण्याचा धंदाच रुजला. दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांग ते संदकफू या चढावर आजही 1950च्या दशकातल्या ब्रिटिश लँड रोव्हर पर्यटक वाहतात. त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात आता भारतीय डिझेल इंजिनं आहेत.

आमच्याकडे हे काम 1986च्या उन्हाळ्यात झालं. अपघातात चेपलेल्या एका मॅटाडोरचं इंजिन आबांनी पुण्याहून आणलं. भोरचे मिस्त्री बघून म्हणाले, "आबा, इंजान बसवायला दोन दिस. पण बाकीची गाडी त्याला जुळवायला दोन म्हैने लागतील."

त्या दोन महिन्यांत काय झालं ते बाबा अजून बोटावर मोजून सांगतात. चिंचेच्या फांदीला चेन-कप्पी लावून हरिकेन वर उचललं. डिझेल इंजिनाचं तोंड जीपच्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून जाड लोखंडी प्लेट लेथवर कातून मध्ये घातली. तिचं मध्य केसभर जरी चुकलं असतं तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग काही दिवसांत गेलं असतं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे गाडीचं नाक खाली बसलं. मग पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. वजन वाढलं म्हणून ब्रेक. धक्के वाढले म्हणून इंजिनाखाली जाड रबर. बॅटरी मोठी, तिचा खोका मोठा.

एक गोष्ट मात्र जुळली नाही. जीपच्या अ‍ॅक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्ट 5.38 वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. चिखलात, चढावर ओढायला हे उत्तम. पण ताशी 60 किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण 2,400 फेरे मारतं, आणि त्यापुढे डिझेलचा आवाज नि थरथर दोन्ही सोसवत नाहीत. मिस्त्रींनी आबांना सांगितलं, की हे बदलता येईल, पण मग वरंधा घाटात जोर कमी पडेल. आबा म्हणाले, राहू द्या. म्हणून ही गाडी आजही साठच्या पुढे जात नाही.

आबांनी नंतर बदलाची रीतसर नोंद करून घेतली. गाडीच्या पुस्तकात पेट्रोल खोडून डिझेल लिहिलं आहे, नव्या इंजिनाच्या नंबरासह आणि शिक्क्यासह.

माझी करामत

मीही या गाडीवर हात चालवला होता आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होणार नाही.

2017मध्ये मी पुण्यात नोकरीला होतो. उंच केलेल्या, रुंद टायरच्या जीपचे फोटो रोज फोनवर बघत होतो. नाना पेठेतून लांब शॅकल आणले. पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हा छोटा दुवा. तो लांब केला की गाडी उंच होते. एका रविवारी अंगणातच बसवले. गाडी ऐटीत दिसायला लागली. फोटो टाकला, शंभरावर लाइक आले.

दुसऱ्या दिवशी भोर रस्त्याला एका खड्ड्यातून पुढची चाकं गेली आणि स्टिअरिंग हातात थडथड उडायला लागलं. अख्खी गाडी डावी-उजवीकडे झटके देत होती. वेग पन्नासही नव्हता. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. कशीबशी गाडी थांबली, तेव्हा माझं पुढचं चाक साइडपट्टी सोडून चारीत उतरलं होतं.

मिस्त्री तोवर थकले होते, पण आले. त्यांनी पाट्याखाली हात घातला आणि लगेच म्हणाले, "अ‍ॅक्सलचा कल गेला." पुढचा अ‍ॅक्सल थोडा मागे कललेला असतो म्हणून चाकं आपोआप सरळ होतात, सायकलचं हँडल सोडलं तरी ती सरळ जाते तसं. मी शॅकल लांब करून तो कलच घालवला होता. शिवाय स्टिअरिंगच्या दांड्यांमधला बेलक्रँक झिजलेला होता, तो मी बघितलाही नव्हता. उपाय दोन होते. अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये तिरप्या पाचरा घालायच्या किंवा जुने शॅकल परत लावायचे. मी जुने लावले आणि बेलक्रँकला नवे बुश घातले.

आबांनी आणि मी, दोघांनी गाडी बदलली होती. त्यांनी एक गोष्ट बदलल्यावर तिच्यामुळे बिघडणाऱ्या सगळ्या गोष्टी शेवटपर्यंत निस्तरल्या. मी एक बदलली आणि फोटो काढला.

कायदा कुणाच्या बाजूनं?

म्हणून कायद्याला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. 1988च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. 2000मध्ये ते कडक झालं. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येणार नाही. डोळे दिपवणारे दिवे, बाहेर आलेले टायर, हवे तसे कापलेले चेसिस रस्त्यावर बघितले, की हे पटतं. मी स्वतः त्या ट्रॅक्टरसमोर होतो.

पण या नियमात आबांच्या दोन महिन्यांना आणि माझ्या एका रविवारला एकच माप आहे. दोन्ही 'बदल'. आणि व्हिंटेजच्या नियमात आबांच्या कामाला जागाच नाही. न बदललेली जीप म्हणजे वारसा आणि बदलत बदलत चालू राहिलेली जीप म्हणजे बिघडलेली वस्तू. आपल्याकडे गोधडी जीर्ण झाली की तिच्यावरच नवं लुगडं चढवून टाके घालतात. आतलं कापड कितव्या पिढीचं हे कुणी विचारत नाही. ती गोधडी ओरिजिनल नाही, असंही कुणी म्हणत नाही.

तरीही मला 'व्हीए' हवी होती. मिस्त्रींना गोठ्यात नेलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, हरिकेनच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाले, "बसवू की. पण गाडी समदी परत मागं न्यावी लागंल." म्हणजे वेल्ड केलेले माउंटिंग कापायचे, चेसिसला नवे जोडायचे, पाट्यातली पानं काढायची, ब्रेक पुन्हा बदलायचे. शिवाय पुस्तकात 1986पासून डिझेल इंजिनाचा नंबर आहे. पेट्रोल इंजिन परत बसवणं हाही कागदावर नवा बदलच. गाडी मूळ रूपात आणायला तिच्यात आबांनी केले त्याहून जास्त फेरफार करावे लागणार होते.

त्या रात्री जेवताना आईनं एक सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. माझा जन्म जुलै 1991चा. कळा सुरू झाल्या तेव्हा रात्र होती आणि गावाबाहेरच्या ओढ्याला पाणी आलं होतं. आबांनी चारही चाकांना जोर देणारा गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. पाणी बंपरच्या वर आलं. "तुझे बाबा म्हणत होते, बंद पडंल, बंद पडंल," आई म्हणाली, "पण पडली नाही."

ती का बंद पडली नाही ते मला लगेच समजलं. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की ठिणगी मेली, इंजिन बंद. डिझेलला ठिणगी लागतच नाही. दाबानं तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. हवा घेणारं तोंड पाण्याच्या वर असलं, की ते इंजिन ओढा पार करतं. हरिकेन असतं तर त्या ओढ्यात ते बंद पडलंच असतं असं मी म्हणणार नाही, मिस्त्री प्लगच्या वायरींना ग्रीस लावून द्यायचे. पण पैज मी डिझेलवरच लावली असती.

बाबांकडे बघितलं. ते भाकरी मोडत होते. माझ्याकडे त्यांच्या प्रश्नाचं एक उत्तर तयार झालं होतं, पण ते त्यांना सांगायची गरज वाटली नाही.

मी 'व्हीए'चा नाद सोडला. साठवलेल्या पैशांत चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे किंगपिन बेअरिंग बदलले. दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, ती नेतो. पर्यावरण कर भरतो. पुढे कधी नियम असे झाले, की ती रस्त्यावर आणताच येणार नाही, तर काय करायचं हे अजून ठरवलेलं नाही.

हरिकेन गोठ्यातच आहे. दर मृगाला मी त्याचे चारही प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडतो आणि पुढून हँडल घालून ते सावकाश फिरवतो, म्हणजे पिस्टन गंजून धरत नाहीत. यंदा हँडल बाबांनी फिरवलं. जड जात होतं, पण फिरलं.